न झालेल्या गाण्याची बातमी

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या चौथ्या दिवशी उमापूरच्या बाजारतळावर सुमेध या गायकाचा सत्कार झाला. कार्यक्रमाची वेळ दुपारी चारची होती. सुरुवात सहा वाजून वीस मिनिटांनी झाली. सुमेधच्या अंगावर नऊ शाली पडल्या. तो ज्या गाण्यासाठी आला होता, ते गाणं झालं नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ते झाल्याचं छापून आलं. बातमी मी दिली होती.

यंदाचाही दसरा होऊन गेला. पुन्हा तेच दिवस आले आहेत. बाजरी घरात आली आहे, कापूस अर्धा वेचून झाला आहे. लोहाराच्या भात्यासमोर कोयत्यांची रांग लागते आणि धार लावताना उडणाऱ्या लोखंडाच्या किसाचा वास दुपारभर गल्लीत राहतो. नव्या ताडपत्रीला रॉकेलसारखा वास असतो. ती उन्हात पसरली की कोंबड्यासुद्धा तिच्यावर पाय ठेवत नाहीत. शेळ्या पाहुण्यांकडे पोचवल्या जातात. आठवडी बाजारात एरवी न दिसणारा कुलपं विकणारा माणूस याच दोन आठवड्यांत येतो आणि त्याच्याभोवती बांगड्यावाल्याइतकीच गर्दी असते. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की गल्लीतल्या दारांना ती कुलपं लागतात. पुढचे पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसं, काही शाळकरी पोरं आणि कुत्री राहतात.

म्हणून जे काही करायचं ते टोळ्या निघायच्या आत. साखरपुडे, नळयोजनेचं उद्घाटन, कबड्डीची बक्षिसं, सत्कार. माणसं गेल्यावर टाळ्या कोण वाजवणार? या दिवसांत आमच्या भागात जितके सत्कार होतात तितके उरलेल्या वर्षात होत नाहीत. मला बातम्या लिहायला हात पुरत नाहीत.

बातम्या लिहिण्याची आमची एक पद्धत आहे, ती सांगायला हवी. तालुक्याचं पान संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. चारचा कार्यक्रम साडेपाचपर्यंत कधीच सुरू झालेला नसतो. त्यामुळे निमंत्रणपत्रिका समोर ठेवून दुपारीच बातमी लिहायची, भूतकाळात. ‘सत्कार करण्यात आला.’ ‘मोलाचे मार्गदर्शन केले.’ ‘उपस्थितांची मोठी गर्दी होती.’ मग बाजारतळावर जाऊन पहिल्या रांगेत बसायचं. याला आमच्या धंद्यात कुणी खोटं म्हणत नाही. सत्काराचं सहसा काही चुकत नाही. शाल, नारळ, फेटा, फोटो. एकदा ज्यांनी मार्गदर्शन केल्याचं मी छापलं, ते पाहुणे आलेच नव्हते. सकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, “भाषण चांगलं घेतलंत माझं.”

सुमेधची कारकीर्द थोडक्यात अशी. आईवडील दोघं ऊसतोड मजूर. लहानपणी तोही त्यांच्याबरोबर फडावर गेला, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत राहिला, निम्मी शाळा तिकडे आणि निम्मी इकडे केली. विहारात पोरांच्या घोळक्यात वंदना म्हणायचा, जयंतीच्या स्टेजवर कोरसमध्ये उभा राहायचा. मग संभाजीनगरला पॉलिटेक्निकला गेला. तिथं खोलीतल्या मित्रानं नोकरी लागल्यावर गिटार मागे ठेवली. सुमेधनं ती उचलली. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी त्याचे दोन विषय राहिले आणि एक बँड झाला. ड्रम वाजवायला गेवराईच्या लग्नाच्या बँडपार्टीतला अक्रम होता, त्यानं तोवर फक्त वराती वाजवल्या होत्या.

त्यांचं पहिलं गाणं ‘येष्टी’ नावाचं होतं. कॉलेजला जाणाऱ्या पोरीची बस सुटते आणि ती बसमागे पळते, एवढंच त्यात होतं. विजेची गिटार, अक्रमचा वरातीतला ठोका आणि आमची बोली. गाणं मोबाइलवरून पसरलं. गेवराईच्या मोबाइलच्या दुकानांत ते दिवसभर वाजे. पुण्याच्या कॉलेजांच्या मेळाव्यांना बोलावणी आली. तिथं त्याची ओळख ‘बीडचा रॉकस्टार’ अशी करून देत आणि पोरं हसत. तोही हसे. एका संगीत कंपनीनं करार केला. कंपनीच्या माणसानं सांगितलं की ‘हाय’चं ‘आहे’ करा, ‘न्हाई’चं ‘नाही’ करा, सगळ्या महाराष्ट्राला कळलं पाहिजे. सुमेधनं केलं. पाच गाणी स्वच्छ झाली आणि ती कुणी ऐकली नाहीत. वर्षभरात कंपनीनं त्याचे फोन उचलणं बंद केलं. अक्रम परत बँडपार्टीत गेला. ‘येष्टी’ मात्र टिकली. हळदीच्या कार्यक्रमांत डीजेवाले तिचा वेग दुप्पट करून लावत. त्या वेगात शब्द कळत नव्हते, त्यामुळे सगळ्यांना ती आवडे.

या सगळ्या काळात त्यानं एक गाणं बाजूला ठेवलेलं होतं. ते कंपनीला दिलं नाही, मोबाइलवर टाकलं नाही. ते आईवर होतं.

सत्काराच्या तीन दिवस आधी मी त्याच्या घरी गेलो होतो. पत्र्याच्या दोन खोल्या. आई अंगणात बसून प्रवासाची बांधाबांध करत होती. पिठाच्या गोणीला शिलाई, तिखटाचा डबा, औषधाच्या गोळ्यांची पिशवी. वडील दगडूकाका कोयत्याच्या मुठीला सुतळी गुंडाळत होते. सुमेध गिटार घेऊन उंबऱ्यावर बसला होता.

“आई, एकदा आयक की. चारच मिन्टं लागत्यात.”

“न्हाई म्हनलं ना.” तिनं सुई दातात धरली होती, ती काढून बोलली. “आत्ता आयकलं तर त्या दिशी काय आयकू? समद्यांबरूबर आयकते. माईकवर.”

“बरं न्हाई वाटलं तर?”

“मग समद्यांबरूबर न्हाई वाटंल बरं.”

मग ती माझ्याकडे वळली. “भाऊ, ह्यानं म्हनं माझं नाव घातलंय गान्यात. माझं सोताचं. इतकी सालं झाली, माईकवर माझं नाव आलं न्हाई. यात्रंत हे पोरगं हरवलं व्हतं, तवा म्या रडत उभी स्टेजपाशी. त्या बाबानं इचारलं, बापाचं नाव सांगा. म्हनला, दगडूचं पोरगं सापडलंय, दगडूनं यावं. दगडू तिकडं पाळन्यात बसलेला!”

“लई दिवसांनी बसलो व्हतो,” दगडूकाका मुठीवरून नजर न काढता म्हणाले.

मी वहीत लिहिलं : ‘आईवर गीत.’ तिचं नाव काय, हे मी विचारलं नाही.

टोळीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. मुकादमाच्या वहीत नवऱ्याचं नाव लागतं, पुढं ‘कोयता एक’. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. बाई ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेते. वहीत ती त्या ‘एक’च्या आत असते. मी कित्येक वर्षं या मजुरांच्या बातम्या दिल्या. ही गोष्ट मला माहीत होती. सुमेधनं तिच्यावर गाणं लिहिलं. त्या गाण्याचा ठेकाही त्यानं फडावरून घेतला होता : बुडाशी एक घाव, शेंड्याला एक घाव, मग टाकायचा. तीन ठोके. अक्रमला तो जमेना, कारण वरातीत तीनवर कुणी नाचत नाही.

सत्काराच्या दिवशी बाजारतळावर मंडप छोटा आणि स्टेज मोठं होतं. मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ बायका बसल्या होत्या. लाउडस्पीकर पुढे, पुरुषांकडे तोंड करून. माझी बातमी पाच वाजताच बीडला पोचली होती.

संयोजक होते तात्या, गावचे माजी उपसरपंच. निवेदन करायला शाळेतले एक गुरुजी, त्यांना शेरोशायरीची आवड. त्यांनी स्टेजवरच्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. नाव घेतलं की माणूस उठायचा, हात जोडायचा, शाल घ्यायचा, शाल द्यायचा. सोसायटीचे चेअरमन, त्यांचे चिरंजीव, डेअरीचे सचिव, मंडप मोफत देणारे, मंडप निम्म्यात देणारे. ज्याचं नाव राहिलं असेल तो स्टेजच्या पायरीपाशी येऊन उभा राहायचा आणि गुरुजी ‘अनवधानाने’ असं म्हणून त्याचं नाव घ्यायचे. आमच्या भागात माईकवर नाव न येणं हा मरेपर्यंत लक्षात ठेवायचा अपमान आहे. त्या संध्याकाळी ज्याचं नाव आलं नाही असा एकही पुरुष मला आठवत नाही.

सव्वासातला सुमेधला माईक मिळाला. डोक्यावर फेटा होता आणि तो डोळ्यांवर येत होता. शालींमुळे गिटारचा पट्टा खांद्यावर ठरत नव्हता. त्यानं शाली काढून खुर्चीवर ठेवल्या, तेव्हा पुढच्या रांगेतला एक जण पुटपुटला, “बघ बे, शाल काढून ठिवली.”

पोरांमधून आवाज आला, “येष्टी म्हण बे! येष्टी!”

“म्हणतो. आधी एक नवं हाय,” सुमेध म्हणाला. मग त्यानं मागे टाकीकडे बघितलं आणि तारा छेडल्या. तीन ठोके, पुन्हा तीन ठोके. पोरं गप्प झाली. नाचता येत नाही म्हणून असेल.

*अर्धा कोयता म्हनता जिला,*
*तिला नाव हाय...*

एवढ्यात रस्त्याकडून फटाक्यांची माळ वाजली. प्रमुख पाहुणे आले होते. तात्यांनी सुमेधच्या कोपराला हात लावला. गुरुजींनी स्टँडवरून माईक काढून घेतला आणि पाहुण्यांची सगळी पदं एका दमात म्हटली. बाजारतळाच्या तोंडाशी उभ्या केलेल्या जेसीबीच्या खोऱ्यातून झेंडूच्या पाकळ्या पडल्या. लोक उभे राहून मोबाइल वर धरत होते. सुमेध गिटार गळ्यात घेऊन स्टेजच्या कडेला सरकला. कुणीतरी त्याला सांगितलं, “जरा फोटोतून बाजूला व्हा.”

पाहुणे कलेवर बोलले. मातीतून कलावंत घडतात, त्यांना व्यासपीठ दिलं पाहिजे, असं म्हणाले. भाषण चाळीस मिनिटं चाललं. मागच्या बायका एकेक करून उठल्या. सकाळी निघायचं होतं, वाटेतल्या भाकरी थापायच्या होत्या. भाषण संपलं तेव्हा टाकीपाशी तिघीच होत्या, त्यांत सुमेधची आई. पदर कानामागे घेऊन ती स्टेजकडे बघत होती.

सुमेध माईककडे आला, तोवर साउंडवाला वायरी गुंडाळत होता.

“भाऊ, एकच गाणं.”

“आता न्हाई जमायचं. मला हळदीला जायचंय मादळमोहीला, नवरदेव येऊन बसलाय.”

तात्यांनी सुमेधच्या पाठीवर थाप दिली. “कावून तोंड पाडतू? नऊ शाली भेटल्या. आमाला आयुष्यात नऊ न्हाई भेटल्या.”

मी पहिल्या रांगेत होतो. पान साडेपाचला बंद होत असलं तरी छपाई मध्यरात्री होते; त्या वेळी डेस्कला फोन करून बातमीतली दोन वाक्यं काढायला सांगता आलं असतं. मंडपातून बाहेर पडताना मला चहा मिळाला, तो मी घेतला.

बातमी अशी छापून आली : ‘उमापूर (वार्ताहर) : येथील भूमिपुत्र व सुप्रसिद्ध गायक सुमेध यांचा ग्रामस्थांच्या वतीने भव्य सत्कार करण्यात आला. यावेळी त्यांनी आपल्या आईवर रचलेले गीत सादर केले. गीत ऐकून उपस्थितांचे डोळे पाणावले.’

पेपर गावात नऊच्या बसनं येतो. आईवडिलांचा ट्रॅक्टर सातला निघालेला होता.

त्यानंतरचे दिवस मला वासाने आणि आवाजाने आठवतात. रिकाम्या गावात सकाळी पितळी कुलपं चमकतात. चूल क्वचितच कुठं पेटलेली असते, त्यामुळे धूर नसतो आणि हवा इतकी स्वच्छ असते की चकलांब्याकडच्या रस्त्यावरचा गिरणीचा पट्टा इथं ऐकू येतो. शाळेत हजेरी घेताना गुरुजी एकामागून एक नावं वाचतात आणि मधे मधे कुणी ‘हजर’ म्हणतं. अशा गावात गायक काय करतो, हे मी त्या हिवाळ्यात पाहिलं. तो पारावर बसून गिटारच्या तारा पुसायचा. दोन म्हातारे त्याच्याजवळ बसत. एकानं एकदा विचारलं, “ही जास्तीची सहावी तार कशाला दिलीय?” सुमेधनं समजावून सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हंजी पाचात भागतं.”

सत्कारानंतर नवव्या दिवशी तो मला गेवराईच्या बसस्थानकाबाहेर चहाच्या गाड्यावर भेटला. कात्रण त्याच्या खिशात होतं.

“दादा, गाणं कुठं झालं?”

मी आमची पद्धत सांगितली.

“चुलत्यानं असंच एक कात्रण मागून निघालेल्या टोळीबरोबर आईकडं धाडलंय. मी फोनवर सांगितलं, आई, गाणं झालं न्हाई, दोन ओळींत बंद पाडलं. तर म्हणती, पेपरात हाय म्हंजी झालंच. म्या मागं बसलेली, भोंगा तिकडं तोंड करून, मलाच आयकू आलं नसंल. म्हणती, कान दाखवावं लागंल आता.”

“मग?”

“मग काय. खुलासा छापा.”

मी त्याच्यासमोरच बीडला डेस्कवर फोन लावला. उपसंपादकानं विचारलं, “तक्रार कुणाची आहे?”

“ज्याची बातमी आहे त्याचीच.”

“कार्यक्रम चांगला झाला म्हणून तक्रार?” तो हसला. “चांगल्या बातमीचा खुलासा नसतो. कुणाची बदनामी झाली असेल तर बोला.”

सुमेधला पलीकडचं ऐकू आलं होतं. त्यानं चहाचा कप उलटा ठेवला. “मग तुमी आईला फोन करून सांगा. तुमी पेपरवाले, तुमचं आयकंल. आनि बातमीत तिचं नाव तरी कावून न्हाई घातलं? गाणं सगळं नावाचंच हाय.”

“नाव काय त्यांचं?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. “गयाबाई,” तो म्हणाला.

मी नाव आणि फोनचा क्रमांक वहीत लिहून घेतला. फोन केला नाही. त्या आठवड्यात नगरपालिकेच्या बातम्या होत्या, मग गारपीट झाली, मग दहावीची परीक्षा. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि क्रमांक स्पष्ट वाचता येतो.

माघात दगडूकाका डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना घसरले. कंबरेचं हाड गेलं. त्यांना जीपमध्ये आडवं घालून गावी आणलं, तेव्हा खाली अंथरायला सुमेधनं घरून नेलेल्या सत्काराच्या शाली वापरल्या. आता ते काठीवर दारापर्यंत येतात. उरलेल्या हंगामात गयाबाई अर्धा कोयता म्हणून टोळीत राहिली. अर्ध्या कोयत्याला मुकादम फडाच्या कडेची, काट्यांची ओळ देतो.

यंदा दसऱ्याच्या दहा दिवस आधी तात्यांच्या ओट्यावर बैठक झाली. यंदाचा सत्कार पोलीस भरतीत लागलेल्या एका पोराचा होता. मी निमंत्रणपत्रिका घ्यायला गेलो होतो. सुमेध आला आणि ओट्याखाली उभा राहिला.

“तात्या, मागच्या टायमाचं गाणं राहिलंय माझं. चार मिन्टं द्या. आई निघायच्या आत.”

“कोन्तं गाणं?”

“आईचं.”

“ते झालं की बे!”

“न्हाई झालं, तात्या. पाहुने आले मधीच.”

गुरुजी तिथंच होते. ते म्हणाले, “अरे, पेपरात आलंय. डोळे पाणावले, असं आलंय. तेच तेच पुन्हा कशाला? नवीन काही असेल तर सांग.”

“येष्टी म्हण,” कुणीतरी सुचवलं. “मिरवणुकीत म्हण. ट्रॅक्टरवर उभा राहून.”

सुमेध म्हणाला, “गाणं झालं न्हाई.”

तात्या माझ्याकडे वळले. “ह्यो काय म्हनतोय? सांगा की वार्ताहर, तुमी तर पुढंच बसलेला व्हता. झालं का न्हाई?”

ओट्यावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. सुमेधही.

मी म्हणालो, “छापून आलंय.”

“झालं तर मग,” तात्या म्हणाले. बैठक हाराच्या विषयावर गेली.

सुमेध यंदा टोळीबरोबर गेला. आईची जोडी मोडली होती आणि मुकादमाला शब्द दिलेला होता. मुकादमाच्या वहीत आता ‘सुमेध दगडू, कोयता एक’ अशी नोंद आहे. ती मी स्वतः पाहिली. मायलेकांचा मिळून एक. गिटारनं आलेले घट्टे त्याच्या डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना आहेत. कोयत्याचे घट्टे उजव्या तळव्याला पडतात, त्यामुळे जुने त्याच्या काही उपयोगाचे नाहीत.

दर वर्षी या दिवसांत मी मांजरसुंब्याच्या चौकात जातो. मजूर रवाना झाल्याच्या बातमीला फोटो लागतो आणि सगळे ट्रॅक्टर तिथून वळतात. ढाब्यांसमोर डिझेलचा निळा धूर साचलेला असतो. ट्रॉलीत पिठाच्या गोण्यांवर लेकरं झोपलेली, कडेला बांधलेली कोंबडी, पत्र्याची पेटी, पाण्याचे कॅन, कधी एखादी सायकल. बायका उतरून ढाब्याच्या मागे जाऊन येतात आणि पाण्याच्या टाकीवर तोंड धुतात. आठ दिवसांपूर्वी दुपारी साडेबाराला मी तिथं होतो. उमापूरच्या टोळीच्या ट्रॅक्टरचं चाक पंक्चर झालं होतं.

गयाबाईनं मला ओळखलं. “पेपरवाले भाऊ ना तुमी?” ती कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कात्रण काढतच माझ्याजवळ आली. “एवढं वाचून दावा. नवऱ्यानं वाचलं व्हतं गेल्या साली, पन त्यो मोजकंच वाचतो. तुमी नीट वाचा. माझं नाव येतं तिथं बोट ठिवा.”

सुमेध चार पावलांवर ताडपत्रीची दोरी आवळत होता. त्याचे हात थांबले.

मी वाचलं. तीन वाक्यं होती. गयाबाई पुढचं ऐकायला थांबली.

“आनि नाव?”

“नाव नाही, मावशी.”

“पुढल्या पानावर आसंल.”

“नाही. बातमी एवढीच आहे.” मग मी सांगितलं की ही बातमी मी कार्यक्रमाच्या आधीच लिहिली होती, गाणं झालंच नव्हतं, सुमेध खरं सांगत होता.

ती हसली. चहाच्या टपरीवर बसलेल्या दुसऱ्या बाईला म्हणाली, “आयकलं का गं? झालं न्हाई ते ह्यांनी आदीच लिवलं म्हनं.” मग मला म्हणाली, “भाऊ, न झालेलं कसं लिवता येईल? पेपर हाय त्यो. माझ्या पोराची बाजू घेताय तुमी.”

“मावशी, खरंच.”

ती आता माझ्याकडे बघत नव्हती.

“सुम्या,” तिनं हाक मारली, “गान्यात माझं नाव व्हतं का?”

“हाय, आई.”

“पेपरात न्हाई.”

“पेपरात नसलं तरी गाण्यात हाय.” त्यानं दोरी सोडली. “म्हणून दावू? आत्ता म्हणतो, हितंच.”

टपरीवरची बाई म्हणाली, “म्हन की रं, आयकू तरी.”

“राहू दे,” गयाबाई म्हणाली. तिनं कात्रणाची घडी घातली आणि ते माझ्या हातात दिलं. “बापाचंच घातलं आसशील तू. समदे तेच घालत्यात.”

चाक बसवून झालं होतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या होत्या. गयाबाई पुढच्या ट्रॉलीत चढली, सुमेध मागच्या. एक वाजून चाळीस मिनिटांनी ट्रॅक्टर मांजरसुंब्याहून सुटला.